चिक्कीतले शेंगदाणे आणि खंगर वीट

ऑगस्टमधल्या पहिल्या घटक चाचणीत आठवीच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता : ‘मातीची वीट भट्टीत जितकी जास्त तापवावी तितकी ती चांगली होते. चूक की बरोबर ते लिहा व कारण द्या.’ दोन गुण. माझ्या उत्तरसूचीत उत्तर होतं, ‘बरोबर. उष्णतेने मातीतलं पाणी निघून जातं आणि कण एकमेकांना घट्ट धरतात.’

बहुतेक मुलांनी तसंच लिहिलं, कारण वर्गात मीच तसं सांगितलं होतं. एका मुलीने मात्र लिहिलं, ‘चूक. जास्त आग लागली की वीट खंगर होते. वाकडी होते. एकीला एक चिकटते. गिऱ्हाईक घेत नाय.’

मी लाल पेनाने फुली मारली. ‘नाय’च्या खाली रेघ ओढली आणि शून्य दिलं. पेपर वाटले तेव्हा ती काहीच बोलली नाही. पेपराची घडी घातली, दप्तरात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आमची शाळा साजगावच्या बाजूला. वर्गात कंपनीत कामाला जाणाऱ्यांची मुलं आहेत, शेतकऱ्यांची आहेत आणि कातकरी वाडीवरचीही आहेत. वाडीवरची बरीच कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. ही मुलगी त्यांच्यातलीच. मागच्या वर्षी अर्धं वर्ष ती भट्टीवर होती. शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव निघालं की ‘कच्ची आहे’ एवढंच बोलणं व्हायचं. मीही तेच म्हणायचे.

त्या दोन गुणांची गोष्ट मला सांगायची आहे. पण ती कळायला आधी थोडं विज्ञान समजून घ्यावं लागेल. मलाही ते दिवाळीच्या सुट्टीतच नीट समजलं.

लायटरमधला खडा

दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली. ती आता पुण्यात एम.एस्सी. करते. चहा ठेवताना मी लायटर दाबला, तशी ती हसून म्हणाली, “बाई, मी ह्याच्यावरच काम करतेय. ह्याच्या आत जो खडा आहे ना, त्याच्यावर.”

आपल्या खोपोलीच्या मुलांना वीज कशी होते ते शिकवावं लागत नाही. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली पाइपातून येतं, चाकं फिरवतं आणि वीज देऊन पाताळगंगेत जातं. १९१५ सालापासून हे चाललेलं आहे. पण लायटरमध्ये पाणीही नाही, चाकही नाही आणि बॅटरीही नाही. आत एक स्प्रिंग, एक छोटी हातोडी आणि चिनी मातीसारखा दिसणारा पांढरट तुकडा असतो. बटण दाबलं की हातोडी त्या तुकड्यावर आपटते. त्या एका ठोक्याने काही हजार व्होल्टचा दाब क्षणभर तयार होतो आणि टोकाशी ठिणगी उडते.

दाब दिला की ज्या पदार्थाच्या दोन टोकांवर विद्युतभार येतो त्याला पिझोइलेक्ट्रिक पदार्थ म्हणतात. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी हा गुण १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवून दिला. उलटही घडतं. अशा पदार्थाला वीज दिली की तो किंचित आकसतो किंवा फुगतो. हातातल्या घड्याळातला क्वार्ट्झ असाच सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सोनोग्राफीचं यंत्र पोटावर टेकवतात, त्याच्या तोंडाशीही हाच प्रकार असतो.

लायटरमधला तुकडा क्वार्ट्झचा नसतो. तो लेड झिर्कोनेट टायटनेटचा, म्हणजे पीझेडटीचा असतो. हा पदार्थ १९५० च्या दशकात पुढे आला. क्वार्ट्झवर एक न्यूटन बल दिलं तर साधारण २ पिकोकुलोंब भार मिळतो. बेरियम टायटनेट दीडशे-दोनशे देतं आणि पीझेडटी तीनशे ते सहाशे. आपल्याकडे पुण्यात पाषाणला संरक्षण खात्याच्या आयुध संशोधन आणि विकास संस्थेत पीझेडटीवर बरंच काम झालेलं आहे. हा पदार्थ लायटरपुरता नाही हे मुलांना कळावं म्हणून सांगते.

मग प्लॅस्टिकमध्ये कशाला मिसळायचं?

तिने पर्समधून एक चकती काढली. जुन्या दहा रुपयांच्या नाण्याएवढी, पांढरट, रबरासारखी. वाकवली तर वाकली. “ही पण दाबली की वीज देते. लायटरएवढी नाही, थोडी.”

पीझेडटी किंवा बेरियम टायटनेट गुणी आहे, पण ठिसूळ आहे. कपाच्या कानासारखं. वाकवलं की तडकलं. बुटाच्या तळव्यात, मनगटाच्या पट्ट्यात किंवा एखाद्या गोल नळीभोवती ते गुंडाळता येत नाही. पॉलिमर, म्हणजे साध्या भाषेत प्लॅस्टिक, वाकतं, पण त्याच्यात हा गुण बहुधा नसतो. पीव्हीडीएफ नावाच्या एका पॉलिमरमध्ये तो आहे, हे जपानमध्ये कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवलं. पण तोही न्यूटनमागे वीस-तीस पिकोकुलोंबच्या घरातला. म्हणून मधला मार्ग निघाला. सिरॅमिकची बारीक पूड करायची, ती पॉलिमरमध्ये कालवायची आणि पातळ पापडासारखं ओतायचं. याला कॉम्पोझिट म्हणतात, मराठीत संमिश्र.

मी म्हटलं, “म्हणजे चिक्कीच की. शेंगदाण्यांच्या जागी पूड आणि गुळाच्या जागी प्लॅस्टिक.”

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “बाई, हे मला आधी सुचलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.”

दाणे भाजायचे कधी?

घाट चढला की लोणावळा, त्यामुळे चिक्की आमच्या मुलांना सांगावी लागत नाही. घरी करतानाही आपण शेंगदाणे आधी भाजून घेतो आणि मग पाकात टाकतो. कच्चे दाणे पाकात टाकून थापले आणि मग वाटलं की भाजायचे राहिले, तर काही उपाय नाही. चिक्की तव्यावर ठेवली तर गूळ वितळेल आणि करपेल. दाणे तसेच कच्चे राहतील. दाण्यांचं जे काही व्हायचं ते पाकाआधीच व्हायला हवं.

संमिश्राचं अगदी हेच आहे. बेरियम टायटनेट तयार व्हायला हजार-बाराशे अंश सेल्सिअसची भट्टी लागते. पीव्हीडीएफ तर १७० अंशांच्या आसपास वितळतं. पूड एकदा पॉलिमरमध्ये गेली की तिला पुन्हा भट्टी नाही.

लायटरचा तुकडा करताना तसं नसतं. तिथे पूड दोनदा भाजतात. पहिल्या भाजणीत कच्चे ऑक्साइड एकमेकांशी संयोग पावून नवा पदार्थ होतो. याला कॅल्सिनेशन म्हणतात. मग ती पूड दाबून वडी करतात आणि तेराशे अंशांच्या घरात पुन्हा भाजतात. तेव्हा कण एकमेकांत मुरतात आणि वडी घट्ट होते. पहिल्या वेळी थोडं कमी राहिलं असेल तर दुसऱ्या भाजणीत ते भरून निघतं. उलट तिथे पहिली भाजणी जरा हलकीच बरी, म्हणजे पूड बारीक आणि ‘भुकेली’ राहते आणि दुसऱ्या वेळी चांगली मुरते.

माझ्या विद्यार्थिनीने पुस्तकातलं हेच हलक्या भाजणीचं तापमान उचललं. पूड केली, प्लॅस्टिकमध्ये कालवली, चकत्या पाडल्या. वीज जवळजवळ नाहीच. दोन महिने ती प्लॅस्टिकमध्ये चूक शोधत राहिली. चूक भाजणीत होती. ते तापमान दुसरी भाजणी मिळणाऱ्या पुडीचं होतं, आणि हिच्या पुडीला दुसरी भाजणी मिळणारच नव्हती.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी पीझेडटीची पूड कोणत्या तापमानाला भाजली तर संमिश्राचे गुण कसे बदलतात, यावर २०११ मध्ये स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला होता. पूड आणि प्लॅस्टिक तेच ठेवून फक्त भाजणी बदलली तर काय होतं, एवढाच प्रश्न. तो अख्ख्या निबंधाला पुरतो.

कमी भाजली तर

बेरियम टायटनेटचं समीकरण आपल्या नववी-दहावीच्या मुलांनाही सोडवता येतं. बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड एकत्र तापवले की बेरियम टायटनेट तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. चुन्याच्या भट्टीत चुनखडीतून तोच वायू जातो, तसंच. रेणुवस्तुमानं मांडली तर १९७ आणि ८० मिळून २७७, त्यातले ४४ हवेत. म्हणजे १०० ग्रॅम मिश्रणातून सुमारे १६ ग्रॅम वजन कमी व्हायला हवं. दहा ग्रॅमच कमी झालं तर समजायचं की आत कच्चा कार्बोनेट शिल्लक आहे. तराजूवरच कळतं.

पण संयोग पूर्ण झाला तरी काम संपत नाही. या पदार्थाची वीज देण्याची ताकद त्याच्या स्फटिकाच्या एका किंचित वाकडेपणात आहे. त्याची एकेक पेटी सगळ्या बाजूंनी सारखी नसते. एका दिशेने ती साधारण एक टक्का लांब असते आणि तिच्यातला टायटॅनियम मधोमध न बसता जरा सरकून बसतो. म्हणून पेटीचं एक टोक धन आणि दुसरं ऋण होतं. १२० अंशांच्या वर पेटी चौकोनी होते आणि गुण जातो. थंड झाली की परत येतो. मात्र कण फारच लहान असतील, तर थंड झाल्यावरही ही लांबट ठेवण नीट येत नाही. हलक्या भाजणीतले कण असेच असतात, बारीक आणि अर्धवट बांधणीचे. त्यांच्यावर दाब दिला तर ते दबतात, पण भार देत नाहीत.

त्यात आणखी एक अडचण आहे. कण बारीक असले की त्यांचा एकूण पृष्ठभाग खूप वाढतो. तो पृष्ठभाग ओला करायला प्लॅस्टिक पुरत नाही. मिश्रण घट्ट होतं आणि आत हवेचे बुडबुडे अडकतात. बारीक रव्याला तूप जास्त लागतं, तसंच हे.

जास्त भाजली तर

मग तिने दुसरं टोक गाठलं. भट्टी खूप वर नेली आणि तास वाढवले. सकाळी मुशीतून पूड निघालीच नाही. निघाला तो एक दगड.

“कण एकमेकांत मिसळून ढेकूळच झालं, बाई. खलबत्त्यात कुटलं तरी फुटेना. काही कामाचंच राहिलं नाही.”

वाफाळत्या चहाचा कप माझ्या हातात होता. माझ्या तोंडून शब्द निघून गेला, “खंगर झाली.”

“काय?”

“खंगर. वीट जास्त भाजली की होते ती. वाकडी होते आणि एकीला एक चिकटते.” आणि मी गप्प झाले. हे वाक्य मी कुठे वाचलं होतं ते मला आठवलं.

पुडीच्या बाबतीत खंगर होणं म्हणजे काय, ते तिने नीट सांगितलं. खूप तापवलं की शेजारशेजारच्या कणांमध्ये मान तयार होते, दोन थेंब चिकटावेत तशी. मग ते सुटे होत नाहीत. असं ढेकूळ प्लॅस्टिकमध्ये टाकलं तर त्याच्या पोटातल्या फटींत प्लॅस्टिक शिरत नाही आणि तिथे पोकळी राहते. ढेकूळ दळायला जावं तर दळण्याच्या मारानेच कणांचा वरचा थर खराब होतो आणि स्फटिकाची घडी मोडते. म्हणून दळल्यानंतर पूड पुन्हा एकदा हलक्या आचेवर धरतात, म्हणजे तो मार भरून निघतो पण कण चिकटत नाहीत. पीझेडटीत तर आणखी एक नुकसान आहे. त्यातलं शिशाचं ऑक्साइड जास्त तापमानाला उडून जातं आणि पुडीचं प्रमाणच बिघडतं. त्यासाठी मुशीवर झाकण ठेवतात आणि आत शिसं असलेली पूड ठेवतात.

म्हणजे कमी भाजली तर कण ‘कच्चे’, जास्त भाजली तर ‘खंगर’. मधे कुठेतरी अशी जागा आहे जिथे कण पुरेसे मोठे आणि नीट बांधणीचे असतात, पण अजून सुटे असतात. ती जागा शोधणं हेच तिचं काम.

चिक्की इथे थांबते

उदाहरण कुठपर्यंत चालतं तेही मुलांना सांगायला हवं, नाहीतर उदाहरणच विज्ञान होऊन बसतं. चिक्कीतला दाणा कसाही पडला तरी चव तीच. इथे तसं नाही. पुडीच्या प्रत्येक कणाची धन-ऋण टोकं वाटेल तिकडे तोंड करून असतात. एकाचा भार दुसरा खोडून काढतो आणि बेरीज शून्य. म्हणून चकती गरम करून तिला मोठा विद्युतदाब देतात, म्हणजे कणांची तोंडं एका बाजूला वळतात. याला पोलिंग म्हणतात.

संमिश्रात हे फार अवघड जातं, कारण बाहेरून दिलेल्या विद्युतक्षेत्राचा बहुतेक वाटा प्लॅस्टिकच घेतं. सिरॅमिकची परावैद्युतता हजार-दीड हजार आणि प्लॅस्टिकची चार-पाच. गणित केलं तर प्लॅस्टिकमध्ये एकट्या पडलेल्या गोल कणाच्या वाट्याला बाहेरच्या क्षेत्राचा साधारण शंभरावा भाग येतो. एवढ्याशा धक्क्यानेही वळायला कण आतून तयार असावा लागतो, आणि ती तयारी भाजणीत होते.

मी तिला विचारलं, “मग एकदाचं सांग, किती अंशाला भाजायची?”

“कशासाठी हवीय त्यावर आहे,” ती म्हणाली. “जास्त भार हवा की जास्त व्होल्टेज हवं?”

हे मला पटकन कळलं नाही. तिने समोरचा तांब्या आणि परात दाखवली. तेवढंच पाणी परातीत ओतलं तर पातळी बोटभरही चढत नाही, तांब्यात ओतलं तर वर येते. पाणी म्हणजे भार आणि पातळी म्हणजे व्होल्टेज. घन पीझेडटी भार खूप देतं, पण त्याची परात मोठी असते. संमिश्र भार थोडा देतं, पण त्याचं भांडं अरुंद असतं. म्हणून दाब नुसता ओळखायचा असेल, म्हणजे पाण्याखालचा आवाज ऐकायचा किंवा पावलाचा दाब मोजायचा, तर संमिश्र घन तुकड्यालाही मागे टाकू शकतं. भाजणी बदलली की भारही बदलतो आणि भांडंही. दोन्ही एकाच तापमानाला सगळ्यात चांगले असतील असं नाही. अमुक अंश सगळ्यात चांगले, हे वाक्यच अर्धवट आहे. कशासाठी चांगले, हे जोडल्याशिवाय ते पुरं होत नाही.

ती गेल्यावर मी कपाटातून ऑगस्टच्या गुणांची वही काढली.

सुट्टीनंतरचा पहिला तास

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी वर्गात सांगितलं, “चाचणीतला वीटभट्टीचा प्रश्न मी चुकीचा तपासला. माझं उत्तर चूक होतं. वर्गात एकीचं बरोबर होतं.” मग त्या मुलीला पुढे बोलावलं आणि म्हटलं, “खंगर म्हणजे काय ते आम्हाला सांग.”

ती आधी उभीच राहिली, फळ्याकडे बघत. मग हळूहळू बोलायला लागली. भट्टी कशी रचतात, मधे कोळसा आणि तूस कसं भरतात. कोळशाजवळची वीट जास्त जळते, ती खंगर. कडेची वीट कच्ची राहते, ती पाण्यात विरघळते. मधली चांगली. एकाने विचारलं, “पण कळतं कसं?” ती म्हणाली, “आवाजावरनं. दोन विटा एकमेकीवर मारायच्या. चांगली खण् वाजते, कच्ची बद वाजते.” कोणीतरी विचारलं, “खंगर टाकून देतात का?” “नाय. पायात भरतात. पाणी पीत नाय ती.”

म्हणजे तिलाही ठाऊक होतं की वीट कशासाठी हवी त्यावर ‘चांगली’ ठरते. भिंतीला नको असलेली वीट पायात चालते.

तिचे दोन गुण मी वाढवले. पण खरी दुरुस्ती माझ्या उत्तरसूचीत होती. त्या सूचीत ‘जास्त’ म्हणजे ‘चांगलं’ असं गृहीत धरलेलं होतं. जास्त अभ्यास, जास्त गृहपाठ, जास्त क्लास, तितकं मूल पक्कं, हेही आपण असंच न तपासता म्हणतो. पालकांनी यावर जरूर विचार करावा. मुलं पूड नव्हेत आणि वीटही नव्हेत, त्यामुळे तुलना इथेच सोडते.

वर्गात करून पाहण्यासाठी

शिक्षकमित्रांनो, या धड्यासाठी मी जे केलं ते थोडक्यात देते. खर्च शंभर रुपयांच्या आत.

१. तीन विटा. कच्ची, चांगली आणि खंगर अशा तीन विटा भट्टीवरून किंवा बांधकामावरून आणा. ठोकून आवाज ऐका. कोरड्या विटेचं वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा वजन करा. भारतीय मानकानुसार साध्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. कच्ची वीट वेगळ्या बादलीत ठेवा, ती विरघळते.

२. शेंगदाण्याच्या तीन वाट्या. एक कच्ची, एक नीट भाजलेली, एक करपलेली. मुलांना वास घ्यायला सांगा आणि साल सुटतं का ते बघायला सांगा. मग प्रश्न विचारा, ‘पाकात टाकल्यावर यातली कोणती सुधारता येईल?’

३. बझरची चकती. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पितळी पिझो चकती दहा-वीस रुपयांत मिळते. तिच्या दोन तारांना एक लाल एलईडी जोडा, खोलीत अंधार करा आणि चकतीवर पेन्सिलीच्या रबराने टकटक करा. एलईडी क्षणभर मिणमिणतो. बॅटरी नाही हे मुलांना उलटून पालटून बघू द्या.

४. वजनाचं गणित. वर दिलेलं १०० ग्रॅमचं उदाहरण फळ्यावर सोडवा, प्रत्यक्ष करू नका. बेरियम कार्बोनेट विषारी आहे. पिझो चकतीत आणि लायटरच्या खड्यात शिसं असतं, म्हणून ते फोडू नका, कुटू नका आणि हाताळल्यावर हात धुवायला सांगा.

आणि पाचवी गोष्ट, जी यादीत बसत नाही. आपल्या वर्गात भट्टीवर, फर्नेसवर, बेकरीत किंवा हॉटेलच्या तंदूरवर काम केलेल्या घरातलं मूल असेल तर तासाची सुरुवात त्याला करू द्या. ‘भाजणं’ या विषयावर त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त निरीक्षणं असतात. फक्त ती पुस्तकी भाषेत नसतात. मी ‘नाय’च्या खाली रेघ ओढली आणि त्या नादात पुढचं-मागचं उत्तर वाचलंच नाही.

यात्रेत

कार्तिकात साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीचा बाजार असतो, सगळ्या पंचक्रोशीचा पाय तिकडे वळतो. भट्टीवर जाणारी कुटुंबंही निघायच्या आधी तिथेच पावसाळ्यापर्यंतची मीठ-मिरची आणि सुके बोंबील घेतात. मीही गेले होते. गर्दीत त्या मुलीची आई भेटली, डोक्यावर बोचकं.

मी काही मोठं बोलले नाही. “पोरगी हुशार आहे. या वर्षी तिला इथेच ठेवता येईल का?” एवढंच विचारलं. तिने लगेच उत्तर दिलं नाही. मुकादमाची उचल घेतलेली, चार हात कमी पडले तर विटा कमी पडणार, हे मलाही कळत होतं. थापलेल्या विटांवर पैसे मिळतात, आठवीच्या गुणांवर नाही. दोन दिवसांनी ती शाळेच्या फाटकाशी आली आणि म्हणाली, “बाई, आमी जातो. पोर ऱ्हाईल म्हातारीपाशी. बघा मंग.”

यंदा ती आजीकडे राहिली आहे. शाळेत येते. रोज नाही, आजी आजारी असली की चुकते. पण येते. शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव निघालं तर ‘कच्ची’ हा शब्द मी वापरत नाही. दुसरं कोणी वापरला तर विचारते, “कशात?”

दुसऱ्या घटक चाचणीचा पेपर काढताना मी तोच प्रश्न पुन्हा घातला, फक्त बदलून : ‘एखादी वस्तू किती तापवावी हे तुम्ही कशावरून ठरवाल? तुमच्या पाहण्यातलं एक उदाहरण द्या.’ या वेळी गुण चार आहेत. उत्तरसूचीत मी अजून काही लिहिलेलं नाही. आधी मुलांचे पेपर वाचणार आहे.